मराठी संस्थळावर लिहावं की स्वतःचा ब्लॉग काढावा?

प्रश्न कराडजवळच्या एका निवृत्त शिक्षिकांचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३२ वर्षं नोकरी झाली, लॉकडाऊनमध्ये लिहायला सुरुवात केली आणि आता साठेक लेख साठलेत. अर्धे वहीत, अर्धे मोबाइलमध्ये. भाचा म्हणतो, ‘मावशी, स्वतःचा ब्लॉग काढ.’ मैत्रीण म्हणते, ‘ब्लॉगवर कोण येतंय, मायबोली-मिसळपावसारख्या मराठी संस्थळावर टाक, तिथे लोक वाचतात आणि बोलतात.’ ताईंना तीन गोष्टींची धास्ती आहे. कोणी काहीबाही बोललं तर? लेख कोणी ढापले तर? आणि पुढेमागे पुस्तक करायचं ठरलं तर नेटवर टाकल्यामुळे अडेल का? नमुन्याला दोन लेख पाठवलेत: एक शाळेतल्या तांदूळवाटपाचा, एक यजमानांच्या आजारपणाचा.

ताई, मी २००६ पासून मराठीत नेटवर लिहितोय. स्वतःचा ब्लॉग आहे, दोन संस्थळांवर नियमित लिहिलं, आणि एका संस्थळाच्या संपादक मंडळात चार वर्षं हमालीही केली. हमाली म्हणजे भांडणं सोडवणं आणि ती सोडवल्याबद्दल दोन्हीकडून शिव्या खाणं. त्यामुळे जे सांगतोय ते दोन्ही बाजूंनी बघून सांगतोय. तुमचे दोन्ही लेख वाचले आणि मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन लेखांतच आहे.

आधी तांदूळवाटपाचा लेख घेऊ. १९९५ साली केंद्राची पोषण आहाराची योजना आली. तेव्हा शाळेत खिचडी शिजत नव्हती. ज्या पोराची हजेरी ८० टक्के भरेल त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ कच्चा मिळायचा. तुम्ही ते पोतं उघडणं, व्हरांड्यात पिशव्या घेऊन बसलेल्या आया, तराजू नसल्यामुळे डब्याने मापून दिलेला तांदूळ, आणि दोन दिवसांनी हजेरी कमी पडली म्हणून रिकामी पिशवी घडी घालून दप्तरात ठेवणारा तो पोरगा, हे सगळं लिहिलंय. हा लेख संस्थळावर गेला तर काय होईल ते मी आत्ताच सांगू शकतो. संध्याकाळपर्यंत कोणीतरी विदर्भातली शिक्षिका लिहील की त्यांच्याकडे तांदूळ कोणत्या महिन्यात आलाच नव्हता. कोणी कबूल करील की त्याच्या वडिलांनी, म्हणजे मास्तरांनी, हजेरीपटात कमी पडलेली हजेरी कशी ‘भरून’ काढली होती. कोणीतरी त्या रांगेतला पोरगाच निघेल, आता पुण्यात नाहीतर परदेशात नोकरीला असलेला, आणि त्या तांदळाच्या भाताला वास कसा यायचा ते सांगेल. दोन दिवसांनी तुमचा लेख दोन पानांचा राहणार नाही, तो वीस पानांचा झालेला असेल, आणि त्यातली अठरा पानं तुम्हाला कधीच लिहिता आली नसती.

आता आजारपणाचा लेख. तोही चांगला आहे. खरं सांगायचं तर दोघांत तोच जास्त चांगला आहे. पण तो संस्थळावर टाकला तर पहिले दहा प्रतिसाद ‘डोळे पाणावले’, ‘काळजी घ्या’ असे येतील. अकराव्याला कोणीतरी खाजगी दवाखान्यांच्या बिलांवर घसरेल. चौदाव्याला एक जण काढा सुचवेल. पंधराव्यापासून ॲलोपथी विरुद्ध आयुर्वेद सुरू, आणि तुम्ही तुमच्याच घरातल्या दुःखाच्या कडेला बसून दोन अनोळखी माणसांचं भांडण वाचत राहाल. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. चार माणसं जमली की बोलणं सरकतंच.

म्हणून ‘मला कुठे लिहायला आवडेल’ हा प्रश्न बाजूला ठेवा. प्रत्येक लेख हातात घेऊन एवढंच विचारा: दुसऱ्याच्या आठवणीची जोड मिळाली तर हा लेख वाढेल की बिघडेल? वाढणारे लेख संस्थळाचे. बिघडणारे स्वतःच्या ब्लॉगचे, नाहीतर वहीतच. तुमच्या साठांपैकी कितीएक कुठल्या गठ्ठ्यात जातात ते पाहिल्यावर निम्मा निर्णय झालेला असेल.

आता संस्थळं म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगतो, कारण बाहेरून ती फेसबुकच्या ग्रुपसारखी दिसतात आणि तशी ती नाहीत. मायबोली सुरू झाली १९९६ च्या गणेश चतुर्थीला, म्हणजे गूगल कंपनी निघायच्या दोन वर्षं आधी. मनोगत २००४, मिसळपाव २००७, ऐसी अक्षरे २०११. त्या काळात लोक तिथे गेले त्याचं एक साधं कारण आज विसरलं गेलंय: तिथे देवनागरी टाइप करता यायचं. इतर ठिकाणी फॉन्टची बोंब. एकाने एका फॉन्टमध्ये पाठवलेली मेल दुसऱ्याच्या मशीनवर चिनी-जपानी वाटावी अशी उघडायची. संस्थळावर मात्र गमभनसारखी सोय असायची. रोमन अक्षरं बडवली की समोर मराठी उमटायचं. परदेशात बसलेल्या माणसाला वीस वर्षांनी ‘आई’ हा शब्द देवनागरीत लिहिता आला, याचंच अप्रूप इतकं होतं की काय लिहिलंय याला फारसं महत्त्व नव्हतं. आज तुमच्या मोबाइलचा कीबोर्ड ते काम करतो. ते कारण संपलं आणि गर्दीही ओसरली. जे उरलेत ते वाचायला आणि वाचल्यावर उलटून लिहायला येणारे. म्हणून संख्येने कमी, पण तुमच्या कामाचे.

तिथली भाषाही शिकावी लागते. लेखाला ‘धागा’ म्हणतात. न लिहिता नुसतं वाचत बसणाऱ्याला ‘रोमात’ आहे म्हणतात, म्हणजे फक्त वाचनाच्या मोडमध्ये. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, ‘पुभाप्र’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. ‘व्यनि’ म्हणजे व्यक्तिगत निरोप. ‘डुआयडी’ म्हणजे एकाच माणसाने काढलेलं दुसरं बनावट खातं, ज्यातून तो स्वतःच्याच लेखाची तारीफ करतो. आणि उगाच रोज एक धागा काढणाऱ्याला ‘जिलब्या पाडतोय’ म्हणतात. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण साठ लेख तयार असलेल्या माणसाच्या हातून पहिल्याच आठवड्यात नेमकं हेच होतं.

धागा कसा वरखाली होतो तेही समजून घ्या, नाहीतर मनाला लावून घ्याल. बहुतेक संस्थळांवर यादी ताज्या प्रतिसादाप्रमाणे लागते. ज्या धाग्यावर नुकतंच कोणी बोललं तो वर. त्यामुळे ज्याच्यावर वाद होतो तो आठवडाभर वर राहतो, आणि ज्या लेखाने माणूस गप्प होतो तो दोन दिवसांत तिसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावर गेला म्हणजे वाईट होता असं मुळीच नाही. माझा स्वतःचा सगळ्यात जीव लावून लिहिलेला लेख सात प्रतिसादांत बुडाला, आणि ‘उपवासाला शेंगदाण्याचं कूट किती भाजावं’ यावर मी गंमत म्हणून टाकलेल्या चार ओळी दीडशेच्या वर गेल्या.

देवाणघेवाणीचं एक सांगायलाच हवं. माझ्या पहिल्या लेखाला चार प्रतिसाद आले, त्यात दोन नुसते ‘पुलेशु’. मी रुसलो. मग एका जुन्या सदस्याने व्यनि केला: ‘तुम्ही इथे कोणाचं काही वाचलंय असं दिसत नाही.’ खरं होतं. मी लेख टाकून निघून गेलो होतो, जसं कोणी हळदीकुंकवाला येऊन वाण घेऊन दुसऱ्या मिनिटाला चपला घालतं. पुढचे तीन महिने मी लेख टाकला नाही, रोज अर्धा तास दुसऱ्यांचं वाचलं आणि जिथे खरंच काही सांगण्यासारखं होतं तिथे चार ओळी लिहिल्या. त्यानंतरच्या लेखाला चाळीस प्रतिसाद. यात थोडी कंपूबाजी असते का? असते. पण बरीचशी साधी ओळख असते. तुम्हाला रोज हा अर्धा तास द्यायची तयारी नसेल, तर माझं स्वच्छ मत आहे की संस्थळाच्या वाटेला जाऊ नका. ब्लॉग काढा. तिथे कोणी तुमच्याकडून काही मागत नाही.

आता तुमची पहिली धास्ती. लोक बोलतात. शुद्धलेखनावरून बोलतात, लांबीवरून बोलतात, ‘यात लेख काय आहे?’ असंही विचारतात. मी मोटेच्या विहिरीवर एक लेख लिहिला होता. आजोळी लहानपणी पाहिलेली मोट: धावेवरून खाली जाणारे बैल, चाकाचा करकर आवाज, थारोळ्यात ओतलं जाणारं पाणी. त्यात मी मोटेच्या दोन्ही दोरांना ‘नाडा’ म्हटलं. तिसराच प्रतिसाद: ‘विहिरीजवळ कधी गेला होतात का? जाड तो नाडा, बारीक तो सोंदूर.’ अंगाची आग झाली. उत्तर टाइपही केलं होतं, चांगलं खरमरीत. सुदैवाने वीज गेली. सकाळी पाहिलं तर खाली तीन जण त्याला ‘सोंदूर की सौंदर’ यावर घेरून बसले होते, एक जण ‘आमच्याकडे त्याला सोल म्हणतात’ सांगत होता, आणि ज्याने मला फटकारलं होतं त्याच माणसाने रात्री दीड वाजता मोट शिवायला कातडं कसं कमवायचे, ते किती दिवस भिजत ठेवायचे, हे सगळं लिहून ठेवलं होतं. त्या धाग्यावरचं सर्वांत उद्धट वाक्य आणि सर्वांत मोलाची माहिती एकाच आयडीची होती.

तेव्हापासून माझा नियम: पहिल्या रात्री उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मिळून एकच प्रतिसाद लिहायचा, ज्यांनी माहितीत भर घातली त्यांचे नाव घेऊन आभार मानायचे, आणि खोडसाळ होता त्याचा उल्लेखच करायचा नाही. ट्रोलला उपेक्षेइतकं काही झोंबत नाही. शिवीगाळ असेल तर संपादकांना कळवा. सार्वजनिक धाग्यावर त्यांना हाका मारू नका, व्यनि करा. आम्ही संपादक धाग्यावरच्या तक्रारी मुद्दाम उशिरा बघायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पण सगळी संस्थळं सारखी नसतात आणि एकच संस्थळ पाच वर्षांत बदलतं, म्हणून माझ्या किंवा मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः पारखून घ्या. तीन आठवडे रोमात राहा. पहिल्या पानावर काय चाललंय ते बघू नका, तिथे नेहमीच निवडणूक नाहीतर क्रिकेट असतं. साधारण वर्षभरापूर्वीच्या पानांवर जा. तिथे ज्यांचा तो पहिलाच लेख होता असे दहा सदस्य शोधा. नावावर टिचकी मारली की त्यांचं सगळं लेखन दिसतं. त्या दहांपैकी किती जणांनी दुसरा लेख लिहिला? पाच-सहा जणांनी लिहिला असेल तर घर चांगलं आहे. दहांपैकी नऊ पहिल्या लेखानंतर गायब असतील तर पहिल्या लेखाखालचे प्रतिसाद वाचा, कारण कळेल. मला याहून भरवशाची कसोटी सापडलेली नाही. सदस्यसंख्या, ‘आत्ता ऑनलाइन किती’, हे आकडे काही सांगत नाहीत.

आणि मदतीच्या पानावर जाऊन तीन गोष्टी वाचून घ्या. छापलेला लेख नंतर दुरुस्त करता येतो का. प्रतिसाद आल्यावर लेख काढून टाकता येतो का. अनेक ठिकाणी येत नाही, आणि त्यात त्यांची बाजूही आहे: खाली चाळीस जणांनी मेहनत करून लिहिलेलं असतं, तुमचा लेख गेला की ते लोंबकळतं. तिसरं म्हणजे आपलं सगळं लेखन एकगठ्ठा उतरवून घेता येतं का. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या ब्लॉग काढायच्या जागांवर ती सोय आहे, सगळे लेख प्रतिसादांसकट उतरवून घेता येतात. संस्थळांवर सहसा नसते.

ही तिसरी गोष्ट मला महागात पडली आहे. ज्या दोन संस्थळांवर मी लिहायचो त्यातलं एक बंद पडलं. आधी ‘तांत्रिक काम चालू आहे’ अशी पाटी दोन महिने, मग तीही नाही. माझे ४३ लेख होते, आणि मूळ प्रती नव्हत्या, कारण मी थेट तिथल्या चौकटीतच टाइप करायचो. जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये एकेक पत्ता घालून शोधत बसलो. २९ सापडले, तेही बहुतेकांचे प्रतिसाद पहिल्या पानापुरतेच. मोटेचा लेख सापडला. कातडं कमवायचा तो रात्री दीडचा प्रतिसाद दुसऱ्या पानावर होता. तो गेला. त्या सदस्याचं खरं नाव मला माहीत नाही, म्हणून परत विचारायलाही जागा नाही.

यावर भाचा म्हणेल, बघ, म्हणूनच मोठ्या कंपनीकडे जायचं. त्याला सांगा: जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये, त्याच्या वर्षभर आधी जुने निरोप पुसायला घेऊन. ब्लॉगची सेवा देणाऱ्या टाइपपॅडने तर ३० सप्टेंबर २०२५ ला दार लावलं. यातलं एकही किरकोळ माणसाचं नव्हतं. आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनी चालवलेली मायबोली तीस वर्षांच्या घरात आली. आकार आणि आयुष्य यांचा संबंध नाही. चालवणाऱ्याला त्यात कंटाळा येतो का आणि खर्च कोण भरतो, यावर सगळं ठरतं. तेव्हा जिथे लिहाल तिथे लिहा, पण आधी स्वतःकडे लिहून मग तिथे चिकटवा. आणि महिनाभराने, धागा शांत झाला की, ते पान प्रतिसादांसकट पीडीएफ करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

इथे एक बाहेरचं उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण हा प्रश्न फक्त मराठीचा नाही. लाइव्हजर्नल नावाची जागा १९९९ पासून होती, डायरीसारखं लिहायचं आणि मित्रमंडळींनी खाली बोलायचं. ती विकली गेली, मग २००७ च्या अखेरीस एका रशियन कंपनीकडे गेली, २०१६ च्या डिसेंबरात सर्व्हरच रशियात हलले. बरेच जुने लेखक एव्हाना ड्रीमविड्थवर गेले होते. ते लाइव्हजर्नलमध्येच काम केलेल्या दोघांनी, त्याच्याच खुल्या, म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या कोडवर, २००९ मध्ये सुरू केलं. जाहिराती नाहीत, पैसे भरणाऱ्या सदस्यांवर चालतं. कोड सारखा असल्यामुळे लोकांना लेखच नव्हे तर खालचे प्रतिसादही उचलून नेता आले. आणि त्यांनी एक शहाणपणाचं केलं: ‘मी कोणाचं वाचतो’ आणि ‘माझं कोणाला वाचू देतो’ या दोन याद्या वेगळ्या केल्या. तुम्ही एखाद्याचं आवडीने वाचत असाल म्हणून त्याला तुमच्या घरातलं सांगायलाच हवं असं नाही. तुम्ही तिथे जा असं मी सांगत नाही, तिथे मराठी वाचणारं कोण भेटणार. पण मराठी संस्थळांवर ही दुसरी यादी अशा बारकाईने नसते; टाकलं की गावभर झालं. आजारपणाचा लेख तिथला नाही म्हणालो त्याचं हेही एक कारण.

चोरीबद्दल. होते, आणि ती बहुतेक वेळा संस्थळावरून सुरू होऊन व्हॉट्सॲपवर संपते. तुमचं नाव पहिल्या फॉरवर्डलाच गळतं आणि चौथ्या फॉरवर्डपर्यंत लेख कोणातरी प्रसिद्ध लेखकाच्या नावावर जातो. माझा एक लेख मला माझ्याच मेव्हण्याने ‘वाचा, किती छान लिहिलंय’ म्हणून पाठवला होता. कायद्याने लेखनाचा हक्क तुमचाच असतो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं, त्यासाठी नोंदणीही लागत नाही. पण व्हॉट्सॲपच्या मागे कोण धावणार. त्यातल्या त्यात संस्थळ किंवा ब्लॉगवर तारखेसकट आधी छापलेलं असणं हाच हाताशी असलेला पुरावा. एक युक्ती मी करतो: नाव वर किंवा खाली न टाकता मजकुरात घालतो. ‘बाई, आमचा तांदूळ?’ असं लेखातली आई म्हणते ना, तिथे ‘बाई’च्या आधी तुमचं आडनाव येऊ द्या. कापणाऱ्याला ते सहज दिसत नाही.

अटी वाचताना एकच शब्द शोधा: ‘परवाना’ आहे की ‘हस्तांतरण’. तुमचं लेखन दाखवायचा परवाना सगळेच घेतात, त्याशिवाय त्यांना छापताच येणार नाही. हक्कच त्यांच्याकडे जातोय असं लिहिलं असेल तर परत फिरा. स्पर्धा आणि ई-दिवाळी अंकांच्या नियमावलीत हे वाक्य जास्त लपलेलं असतं. मुदत न लिहिता हक्क लिहून दिला असेल तर कायदा तो पाच वर्षांचा धरतो, पण तिथवर जायची वेळच का आणावी.

पुस्तकाचं म्हणाल तर नेटवर आलेल्या लेखांची पुस्तकं मराठीत भरपूर झाली आहेत, प्रकाशक त्यावरून नाक मुरडत नाहीत. उलट वाचक तयार आहे म्हणून बघतात. अडचण दिवाळी अंकांची. संपादक ‘अप्रकाशित’ मागतात आणि नेटवर आलेलं त्यांच्या लेखी प्रकाशितच. म्हणून सर्वांत चांगले आठ-दहा लेख कुठेच टाकू नका. कोणते, ते एखाद्या कडक वाचकाला निवडू द्या. आपले लाडके लेख आणि आपले चांगले लेख सहसा वेगळे असतात.

ब्लॉगबद्दल मैत्रिणीने सांगितलं ते निम्मं खरं आहे. माझ्या ब्लॉगवर एके काळी ठरलेले वाचक होते. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं आणि त्यांच्याकडे नवा लेख पोचवणारी वाटच गेली. आज मला वर्षाला चार-पाच प्रतिसाद येतात, त्यातला एक हमखास कोणा परदेशी गृहस्थाचा, जो मला तीन टक्क्यांनी कर्ज देऊ इच्छितो. पण गूगलवर शोधत येणारे येतात, अनेक वर्षांपूर्वीच्या लेखावर येतात, आणि संपूर्ण लेख वाचून जातात. जे कोणी बोलतात ते मेल करून बोलतात. आजारपणावरचा तुमचा लेख वाचून त्याच रात्री तशाच अवस्थेतून जाणारी एखादी बाई तुम्हाला मेल करील. तो एक मेल संस्थळावरच्या तीस प्रतिसादांपेक्षा वेगळ्या जातीचा असतो. ब्लॉगरवर हे सगळं फुकट होतं. भाचा स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे नेटवरचा स्वतःचा पत्ता, घे म्हणेल. हरकत नाही, पण दरवर्षी पैसे कोण भरणार आणि त्याचा पासवर्ड तुमच्या वहीत आहे ना, हे आधी ठरवा.

फेसबुकवर टाकलेला लेख सहा महिन्यांनी तुम्हालाच सापडणार नाही, एवढंच. प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर वाचक खूप, पण ते पुढच्या भागाची वाट बघणारे, कथामालिकांचे. तांदूळवाटप तिथे तग धरणार नाही.

नावांचं मात्र आत्ताच बघा. तुमच्या लेखांत हेडमास्तर, शिपाई, पोरं, सगळी खऱ्या नावाने आहेत, गावाचं नावही आहे. मराठी माणूस टोरांटोत बसलेला असला तरी त्याचा चुलत मेव्हणा नेमका तुमच्याच गावचा निघतो. ती रिकामी पिशवी घडी घालणारा पोरगा आज पस्तिशी-चाळिशीचा असेल, त्याची मुलं नेट वाचतात. नाव बदला, गाव बदला, हेडमास्तरांची ती टोपी आणि तपकीर काढून टाका, त्यावरून कोणीही ओळखेल. तुम्ही स्वतः मात्र खऱ्या नावानेच लिहा असं मी म्हणेन, पुस्तक मनात आहे म्हणून. फक्त त्या नावाने राजकारणाच्या धाग्यावर एक ओळसुद्धा लिहायची नाही.

तर माझा सल्ला: भाचा आणि मैत्रीण दोघांचंही ऐका, पण वेगवेगळ्या गठ्ठ्यांसाठी. शाळेचे, गावचे, भाजी-भाकरीचे लेख एकाच संस्थळावर, दहा-बारा दिवसांनी एक. एकच लेख एकाच दिवशी तीन संस्थळांवर टाकू नका. लोकांना ते खटकतं आणि प्रतिसादही विखुरतात. धागा शांत झाल्यावर, लोकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करून, तोच लेख ब्लॉगवर चढवा. घरातले लेख फक्त ब्लॉगवर, प्रतिसाद तपासून सोडायची सोय चालू ठेवून. कोणतं संस्थळ, ते वर सांगितलेली दहा नवख्यांची कसोटी लावून ठरवा. आठवणींच्या लेखांना मायबोलीवर वाचक मिळेल असं मला वाटतं, मिसळपाववर थट्टामस्करी अंगावर घ्यायची तयारी हवी, ऐसी अक्षरेवर शिक्षणखात्यावर काही लिहिलंत तर त्याची चांगली चिरफाड होईल आणि ती व्हायलाच हवी. पण हे माझं आजचं मत, माझ्या ओळखीच्या माणसांवरून झालेलं.

पहिला लेख तांदळाचाच टाका. टाकण्याआधी एक भर घाला. तराजू नव्हता म्हणून डब्याने मापलं असं लिहिलंत, पण तो डबा कशाचा, त्यात किती मावायचं, आणि तीन किलो भरायला किती डबे लागायचे हे कुठेच नाही. पहिल्या पाच प्रतिसादांत कोणीतरी ते विचारणार, आणि ज्या सुरात विचारतील तो तुम्हाला आवडणार नाही.